नाण्याचं कातडं

कसबा बावडा
७ ऑक्टोबर २००३

ऋतुराज,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायची रीत आहे. आज हात होत नाही. तू माझं बोलणं अर्ध्यात तोडून फोन ठेवलास, म्हणून पत्र लिहितेय. हे तू फाडशीलही, पण फाडायच्या आधी वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

"चांगलं करायला गेलो, त्यात एवढा तमाशा कशाला," असं म्हणालास ना? मग काय तमाशा झाला तो नीट ऐक.

शनिवारी खंडेनवमी होती. आण्णा दर वर्षी विळा, कोयता, शिवणाचं मशीन यांच्या शेजारी आपली नाण्यांची सागवानी पेटी पूजेला मांडतात, हे तुला ठाऊक आहे. यंदा सण त्यांच्या ध्यानातच नव्हता. मीच आठवण केली. सकाळचा चहा झाला का नाही हे त्यांना सांगता येत नाही रे आता, पण कुठला रुपया कुठल्या म्हातारीकडून घेतला, ते अजून सांगतात. म्हणून मलाच बरं वाटलं, की चला, पेटी उघडली की माणूस जरा जागेवर येईल.

मी झेंडूची माळ ओवत होते. त्यांनी पहिलं पाकीट तळहातावर उपडं केलं. मग दुसरं. मग तिसरं. चौथं उघडलंच नाही म्हणून मी मान वर केली.

"वर्षे, ही कुणाची गं?"

"तुमचीच की आण्णा."

"माझी न्हवंत."

मी माळ टाकून जवळ जाऊन बघितलं. चांदीचे सगळे रुपये भांड्याच्या दुकानातल्या नव्या ताटासारखे चकाकत होते. दुपारी तुला फोन लावला तर तू हसत सांगतोस, "सरप्राइज होतं ताई! गणपतीला आलो तेव्हा हुपरीच्या चांदीवाल्याकडं नेऊन पॉलिश करून आणली. किती काळी पडली होती!"

ऋतू, ते काळं म्हणजे मळ नव्हता. तुला वेगळं का सांगायला पाहिजे? आपण दोघं त्याच घरात वाढलो. १८६२ चा राणीचा रुपया, ज्याच्या काठाला निळा, मग जांभळा, आणि मधोमध मधासारखा रंग होता, त्याला आण्णा 'मोराच्या मानंचा' म्हणायचे. चाळीस वर्षं जुन्या कागदाच्या पाकिटात राहून चढलेला रंग तो. कुणी घासायचं नाव काढलं की म्हणायचे, "त्ये नाण्याचं कातडं हाय. मळ येगळा, कातडं येगळं." त्या पॉलिशवाल्याचा दोष नाही. त्याला तू चकाकी मागितलीस, त्यानं दिली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. संध्याकाळी आण्णांनी मला समोर बसवलं.

"खरी नाणी कुठं ठेवलीस?"

मला आधी हसूच आलं.

"हसतीस काय? तुझ्या नवऱ्याला दिलीस व्हय? कागलला दुकानात घातलीस?"

मी सांगितलं, आण्णा, ऋत्यानं पॉलिश करून आणलीत, तुम्हाला खूश करायला. त्यावर म्हणाले, "त्यो तिकडं बडोद्याला हाय. हितं नसलेल्या माणसावर घालतीस? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेव."

मी आईच्या मागं स्वतःचं घर कागलला सोडून इथं येऊन राहिलेय. रोज त्यांची पथ्यं, गोळ्या, धोतरं बघतेय. आणि या घरात मी चोर.

ये. एक दिवसासाठी ये आणि त्यांच्या समोर बसून सांग. ते जमत नसेल तर फोनवर त्यांना स्वतः सांग, की आण्णा, मी नेली होती. एवढं एकच वाक्य.

वर्षाताई


कसबा बावडा
२ नोव्हेंबर २००३

ऋतुराज,

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं. साक्षीनं पोरांच्या हातून रांगोळी काढून घेतलीय, ती छान आहे. पोरांना सांग.

पाडव्याला तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते. मला इकडची बाजू तेवढी ऐकू आली. "व्हय... व्हय... थंडी न्हाय अजून... पोरं बरी हायत न्हवं?" मग फोन ठेवून आण्णा माझ्याकडं वळले. "ऋत्या म्हणाला, नाणी बरी हायत, ताई बघंल."

हे सांगितलंस तू? 'ताई बघेल'?

तुला कळतंय का याचा त्यांनी काय अर्थ काढला? नाणी कुठं आहेत ते आता तुलाही ठाऊक आहे, आणि ती माझ्याकडं आहेत. माझ्या कपाटातल्या साड्या त्यांनी खाली ओढून बघितल्या.  मी पुन्हा घड्या घातल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ओढल्या.

आता ते माझ्या हातचं खात नाहीत. ताट पुढं ठेवलं की म्हणतात, "आधी तू खा." मी घास खाल्ला तरी ताट सरकवतात. पलीकडच्या गल्लीतल्या धोंडुबाई दुपारी येतात, त्यांनी वाढलं तर जेवतात. म्हणजे भाकरी मी थापायची, कालवण मी करायचं, आणि धोंडुबाईंनी पदर खोचून 'आण्णा, आज मी झुणका केलाय बघा' म्हणत आणायचं. काल म्हणाले, "धोंडुबाई, तुमच्या हाताला चव हाय. आमच्या पोरीला सैपाक कधी जमलाच न्हाय." मी दाराआड होते.

पेटी त्यांनी खाटेखाली घेतलीय आणि दिवसभर त्या खाटेवर बसून असतात.

दादासोकाकांना बोलावलं. मला वाटलं, बँकेतून निवृत्त झालेला शहाणा माणूस, आण्णांबरोबर मोडी-भंगाराच्या बाजारात फिरून नाणी हुडकणारा, त्यांचं तरी ऐकतील. काकांनी भिंग काढलं, एकेक रुपया काठावर धरून बघितला. एका रुपयावर राजाच्या कानाखाली बारीक खोच आहे, दुसऱ्याच्या वरच्या काठाला कडी लावल्याची खूण आहे. त्या दाखवून काका म्हणाले, "बाळासो, ही तुझीच हायत बघ. कातडं सोलून निघालंय, पर हाडं तुझीच हायत."

आण्णांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "दादासो, तुला किती वाटा दिला तिनं?"

 काकांनी भिंग पुसून खिशात ठेवलं आणि उठले. फाटकापाशी चपला घालताना मला म्हणाले, "पोरी, त्याचा दोष न्हाय. डॉक्टरनं सांगितलंय न्हवं, ह्ये वाढत जाणार म्हणून." पण चपलेत पाय सरकता सरकत नव्हता त्यांचा. दर बुद्धपौर्णिमेला ज्यांच्या घरची खीर आपण खाल्ली, त्या माणसाला आपल्या दारातून चोर ठरून जावं लागलं.

तू म्हणशील, ताई चिडचिड करते. करते. तुझ्या एका वाक्यावर हे सगळं अडलंय आणि तू ते वाक्य गिळून हवापाण्याच्या गप्पा मारतोस.

ताई


कसबा बावडा
१९ जानेवारी २००४

ऋतुराज,

अखेर पत्र लिहिलंस. चार ओळी, त्यातली माफीची एकही नाही, पण लिहिलंस. 'इंटरनेटवर शोधलं, रंग परत आणता येतो. उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात ठेवायचं, शेजारी नाणं ठेवायचं आणि झाकण लावायचं.'

मी मूर्ख, ते केलंही. जॉर्ज राजाचा एक साधा रुपया, जो बाजारात कुठंही मिळतो, तो घेतला. धोंडुबाईंनी आण्णांना अंगणात उन्हाला बसवलं तेवढ्यात पेटीतून काढला. डबा मोरीच्या फळीवर लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर त्या रुपयाला कावीळ झालेली. एका बाजूला पिवळे चट्टे, दुसऱ्या बाजूला काजळी, मध्ये तुझी ती चकाकी तशीच. मी तो परत पाकिटात सरकवला, वाटलं त्यांना कळणार नाही.

संध्याकाळी आण्णांनी तो काढला. फिरवून बघितला. नाकाशी नेला.

"ह्याला अंड्याचा वास येतोय," म्हणाले. "चोरी ती चोरी, वर अंडी उबवालीस व्हय?"

धोंडुबाई पदर तोंडात घालून हसायला लागल्या. मलाही हसू फुटलं. आण्णाही आम्ही हसतोय म्हणून थोडं हसले, आणि तेवढ्या वेळापुरतं घर घरासारखं वाटलं. मग आत जाऊन मी पोळपाट घेतला आणि रडत बसले. तुला हे लिहावंसं वाटत नव्हतं. लिहिलं.

दादासोकाकांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. "गिऱ्हाईक फसवायचे धंदे हायत ते! खरा रंग आपल्या चालीनं येतोय. त्याला घाई चालत न्हाय. झालं ते झालं, आता त्या रुपयांना हात लावू नकोस." असा माणूस, आण्णांनी हाकलून काढला तरी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मला विचारतो, आज जेवला का, झोपला का.

मग काकांनी पेटीच्या खालच्या कप्प्याचं विचारलं. तो तू उघडून बघितला होतास ना? फोनवर म्हणालास, 'तिथली फारच घाण होती, त्यांना हातच लावला नाही.' ऋतू, घासायला नको होती ती तू घासलीस, आणि ज्यांना खरंच धुवायला हवं होतं ती किळस येऊन सोडलीस. विसरायला लागल्यापासून आण्णांनी काही नाणी वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवलीत. तांब्याच्या जुन्या शिवराया आहेत, काही चांदीही आहे. ते प्लास्टिक घामेजतं, हिरवट चिकट होतं. काका म्हणाले, "ही घाण नाण्याला खाती. तिला काढाय पाहिजे, पर कातडं न दुखवता."

कृष्णात परवा येऊन गेले. बोलायचं नव्हतं ते बोलले. "भाऊ पुण्यवान, तू चोर, आणि मी चोराचा नवरा. आता कागलला चल." मी विचारलं, इथं कोण बघणार? म्हणाले, "मुलगा हाय की त्यांना." याचं उत्तर माझं नव्हे. तू दे.

ताई


कसबा बावडा
१० मे २००४

ऋतुराज,

तुला हे सांगावं की नाही, यात बरेच दिवस गेले.

खाटेला ढेकूण झालेत, उन्हात टाकायची, असं धोंडुबाईंनी आण्णांना पटवलं आणि तेवढ्यात मी पेटीचा खालचा कप्पा काढून मागच्या सोप्यात नेला. दादासोकाकांनी काय काय आणायचं ते सांगून ठेवलं होतं. रसायनांच्या दुकानातून ॲसिटोन. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर. शिवरायांना भिजत घालायला लिक्विड पॅराफिन, जे औषधाच्या दुकानात पोट साफ व्हायला देतात. मी दोन बाटल्या मागितल्यावर दुकानदारानं माझ्याकडं फार दयेनं बघितलं.

काचेच्या वाटीत ॲसिटोन ओतून पहिला रुपया त्यात सोडला. पिशवीचा चिकट थर सुटायला लागला. मला घाई झाली. कापसाचा बोळा घेतला आणि दाबून फिरवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"आं आं, घासू नगासा!"

आण्णा उंबऱ्यात उभे होते. मी बोळा मागं घेतला. आता आरडाओरडा होणार, गल्ली गोळा होणार. पण ते काठी टेकत आले, समोर पाटावर बसले आणि वाटीत डोकावून म्हणाले, "बाई, तुम्हाला दादासोनं लावून दिलंय व्हय?"

मी त्यांच्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते. त्यांना मी खरंच ओळखू येत नव्हते.

"व्हय," मी म्हटलं. कसं तोंडून गेलं देव जाणे.

"मग नीट शिका. भिजू द्या त्याला. आपलं आपण सुटतंय. सुटलं न्हाय तर परत भिजवायचं. जोर लावला की संपलं."

त्या दिवशी त्यांनी मला सगळं शिकवलं. नाणं काठावर धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. ॲसिटोनमधून काढलं की डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचं, नळाचं पाणी नको. मग जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर ठेवून टिपायचं. "पुसायचं न्हाय, टिपायचं," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला झोपेत ऐकू येतं. शिवराईच्या अक्षरांत माती बसली असेल तर लोखंडाची सुई नको, बाभळीचा काटा. तोही तेलात भिजलेल्या मातीलाच लावायचा, तांब्याला नाही. लिंबू, चिंच, राख, भांड्याची पावडर यांचं नाव काढलं तर त्यांचं तोंड असं होतं, जसं कुणी शिवी दिलीय.

एक शिवराई मी तेलातून काढली. वरची माती गेल्यावर खाली काळसर तपकिरी रंग दिसला, चिंचोक्यासारखा गुळगुळीत. मला वाटलं अजून घाण राहिलीय. आण्णांनी माझं मनगट धरलं. "बास. हितं थांबायचं. ह्ये तिचं सवताचं हाय." किती महिन्यांनी त्यांनी मला हात लावला माहितेय?

जेवायची वेळ झाली. मी भीत भीत ताट आणलं. माझ्या हातून घेतलं आणि मुकाट जेवले. वर म्हणाले, "बाई, तुम्ही रोज येत जावा."

तेव्हापासून मी रोज मागच्या दारानं 'येते'. ते वाट बघतात. आणि काम करता करता मला काय काय सांगतात! "माझी पोरगी चोर निघाली. लहानपणी लई मायाळू हुती. शाळंतनं आली की पयली माझ्यापाशी यायची. आता नजर देत न्हाय." मी मान खाली घालून काटा चालवते. एकदा सहन झालं नाही, म्हटलं, "तिनं घेतलीच नसतील तर?" तर चिडून वाटीच सरकवली. "तुम्ही तिला ओळखता का मी?"

परका माणूस म्हणून मला सगळा मान आहे. लेक म्हणून मी दिसले की ते पेटीवर हात ठेवतात. पुढच्या खोलीत गेले की चोर, मागच्या सोप्यात बसले की बाई. कुणावर ओरडू मी?

तू ये. आता तर आलंच पाहिजे.

ताई


कसबा बावडा
२७ सप्टेंबर २००४

ऋतुराज,

'मी आलो, मी सांगितलं, आता माझ्या हातात काही नाही,' असं म्हणून तू एक दिवस आधीच निघालास. गाडीत बसताना मला हेही ऐकवलंस की 'तू तरी कुठं खरं बोलतेस, बाई बनून बसतेसच की.' त्याचं उत्तर इथं देते.

हो, मी खोटं बोलते. त्या खोट्यावर आण्णा दोन वेळा जेवतात. तुझ्या गप्प राहण्यावर कुणाचं पोट भरलं?

तू सांगितलंस, हे मी नाकारत नाही. मी स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून ऐकत होते. गणपतीपुढं सतरंजीवर तू त्यांच्यासमोर मांडी घालून बसलास.  "आण्णा, नाणी मी नेली होती. मी पॉलिश करून आणली. ताईनं चोरलेली नाहीत." वर्षभर ज्याची वाट बघितली ते वाक्य. मला वाटलं, आता सुटलं.

आण्णांनी तुला खालून वर बघितलं. "पावणं, तुमचं गाव कंचं?"

"आण्णा, मी ऋत्या."

"ऋत्या बडोद्याला हाय. शिकलेला हाय. लहानपणी त्यानं एक नाणं शर्टाला घासलं हुतं, तवा मी थोबाडीत दिलती त्याला. तवापासनं हात धुतल्याबिगर नाण्याला शिवत न्हाय पोरगं. त्यो असलं करंल व्हय? माझ्या पोरावर आळ घिऊ नगासा. पावणं म्हणून आलाय, च्या घ्या आणि जावा."

तू उठून मोरीत गेलास. बराच वेळ नळ चालू होता. तू तोंड धूत नव्हतास, हे मला कळत नाही असं समजू नको. मी तिथं यायला हवं होतं कदाचित. आले नाही. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगते. तुझी दया आली नाही. असूया वाटली. तू कबूल केलंस तरी त्यांनी तुला चोर मानलं नाही. मी काही केलं नसताना मला मानलं. त्यांच्या डोक्यात तू अजून हात धुऊन नाण्याला शिवणारा पोरगा आहेस, आणि मी साड्यांच्या घडीत चोरी लपवणारी बाई.

पण म्हणून एक दिवस आधी पळून जायचं? अजून एकदा बसायचं होतंस. उद्या कदाचित ओळखलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला, म्हणजे बाईला, विचारलं, "कालचं पावणं गेलं व्हय? रडत हुतं बिचारं. कोण हुतं?"

मी सांगितलं, लांबचं नातं आहे.

कृष्णातनी आता बोलणं सोडलंय. रविवारी येतात, आण्णांची दाढी करून देतात, न्हावी समजून आण्णा त्यांना उधार ठेवायला सांगतात, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जातात. एवढं तरी तू शिकून घे त्यांच्याकडून.

ताई


कसबा बावडा
२० फेब्रुवारी २००५

ऋतू,

खालच्या कप्प्यातली नाणी झाली. सगळीच वाचली असं नाही. काही शिवरायांना त्या हिरव्या रोगानं आतपर्यंत खाल्लंय, त्यांना काका म्हणाले तसं वेगळं ठेवलंय. बाकीची कागदाच्या पाकिटांत. एका अर्ध्या रुपयाच्या अधेलीच्या काठाला निळसर झाक आहे. ती शेवटची धुतली. आण्णांनी ती उन्हात तिरकी धरून पुन्हा पुन्हा बघितली; इतके खूश मी त्यांना आई होती तेव्हाही बघितलेले नाहीत.

दादासोकाकाही सोप्यात होते. गेल्या महिन्यात ते मागच्या दारानं आले आणि आण्णांनी "ये की दादासो, किती दिस झालं!" म्हणून पाट दिला. वाटा कुणी कुणाला दिला, काही आठवत नव्हतं. काकांचं असं सुटलं. माझं नाही सुटत. ती एक गोष्ट तेवढी त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी बसलीय.

काल काका गेल्यावर आण्णांनी पाकिटं एकावर एक रचली, सुतळीनं बांधली आणि माझ्या ओटीत ठेवली.

"बाई, एक काम करा. माझी पोरगी घावली तर ह्ये तिला द्या."

मी म्हटलं, "ती चोर आहे म्हणता की."

"असंल. नडली असंल म्हणून नेली असत्याल. मागितली असती तरी दिली असती की मी. तिला सांगा, आण्णाचा राग गेलाय. म्हणावं, तोंड लपवू नगंस."

ऋतू, मला इतका संताप आला की कानशिलं तापली. माफ केलंय म्हणे मला. न केलेल्या चोरीची माफी! ती घेतली तर चोरी कबूल केल्यासारखं, आणि परत करावी तर कुणाला? दीड वर्ष मी याच्याशी भांडतेय की मी चोर नाही, मी चोर नाही. आणि या माणसानं ते खरं का खोटं ठरवायचंच सोडून दिलं. चोर असू दे, म्हणाला, माझी हाय. मला तसं नको होतं. मला निर्दोष व्हायचं होतं.

मी ओटीतली पाकिटं धरून तशीच बसून राहिले. आण्णा माझ्याकडं बघत होते.

"बाई, तुमचं वडील हायत?"

"हायत."

"कुठं असत्यात?"

"हितंच. बावड्यात."

"मग जावा की घरला. दिस बुडाला. वाट बघत असत्याल त्ये."

काय करणार? उठले. वाट्या धुऊन पालथ्या घातल्या, चपला घातल्या आणि मागच्या फाटकातून बाहेर पडले. बोळात जरा वेळ उभी राहिले. कारखान्याचा भोंगा झाला. घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आले. पाकिटं पदराखाली होती.

आण्णा खाटेवर बसले होते. दाराचा आवाज ऐकून मान वर केली. पेटीवर हात जातो का, ते मी बघत होते. गेला नाही.

"आलीस व्हय वर्षे? कुठं गेलतीस इतका येळ?"

दीड वर्षानं माझं नाव. 

"आत्ता ती बाई हुती हितं. चांगली हाय, कामाला बेस हाय. तुझ्यासाठनं तिच्यापाशी काय तरी ठेवलंय मी. इचारून घे."

"इचारते आण्णा," मी म्हटलं, आणि चूल पेटवायला गेले.

ताई